बॅकलिंक किलोवर घेतल्या त्याची गोष्ट

"साडेचार हजार दिलेस, मग माल कुठाय?" अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यावर एक्सेलची शीट होती, पाचशे ओळींची. अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला, बोटाने चार-पाच वेळा ओळी सरकवल्या आणि फोन परत दिला. "याच्यापेक्षा साडेचार हजारांची पितळेची मोड घेतली असतीस. निदान वितळवता तरी आली असती."

आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात आहे, सराफ बाजाराला लागून, गंगेच्या अंगाला. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, गोदावरी ती पेपरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती बाजारात शिरली तेव्हा खालच्या मांडणीवरची पातेली आम्ही पाण्यातून वेचली होती. भांड्यांना पुराचं काही होत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. २०२० च्या टाळेबंदीने मात्र जे केलं ते पुराने केलं नव्हतं. दुकान बंद, लग्नं बंद, रुखवताची खरेदी बंद. मग २०२१ मध्ये भाच्याने वेबसाइट करून दिली. साठ वस्तू, फोटो मी काढलेले, दर अण्णांनी सांगितलेले.

दोन वर्षं त्या वेबसाइटवर महिन्याला चार-पाच ऑर्डरी यायच्या, त्यातल्या दोन नात्यातल्या. "पितळी भांडी नाशिक" असं गूगलवर टाकलं की आम्ही चौथ्या पानावर. चौथ्या पानापर्यंत माझ्याशिवाय कोण जात असेल, देव जाणे.

आणि रोज सकाळी मेल. "डिअर सर, तुमच्या वेबसाइटवर बॅकलिंक नाहीत म्हणून तुम्ही मागे आहात." मी सर नाही हे त्यांना माहीत नव्हतं, पण बॅकलिंक नाहीत हे बरोबर होतं. म्हणून मी वाचायला लागले. दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटवरून आपल्या वेबसाइटकडे येणारी वाट म्हणजे बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन हे दोघं स्टॅनफर्डला शिकत होते तेव्हा १९९८ मध्ये त्यांनी जी पद्धत मांडली तिचा गाभाच हा: एखाद्या पानाकडे किती जण बोट दाखवतात आणि ते बोट दाखवणारे स्वतः किती वजनाचे, यावरून त्या पानाची किंमत ठरवायची. आता गूगल शेकडो गोष्टी बघतं, पण ही अजून बघतं.

हे मी अण्णांना समजावून सांगितलं, पैसे देऊन झाल्यावर. ते लगेच म्हणाले, "म्हणजे जामीन. नव्या माणसाला उधारीवर माल द्यायचा तर आम्ही विचारायचो, बाजारात तुला कोण ओळखतं?" मी म्हटलं, अगदी तेच. मग थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "मग तू जामीन विकत कशाला आणलेस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

ती पहिली खरेदी अशी झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर एका मुलाने पॅकेजं पाठवली: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. आम्ही धातूचे व्यापारी, त्यामुळे मला त्याचंच हसू आलं, पण सिल्व्हर घेतलं. पाचशे "हाय डीए" बॅकलिंक, सात दिवसांत, साडेचार हजार. यूपीआयवर नाव भलत्याच कुणाचं तरी आलं. बिल मागितलं तर म्हणाला, "मॅम, बिल हवं तर अठरा टक्के जास्त लागतील." जीएसटी नंबर मागितला तर मेसेजला नुसत्या दोन निळ्या खुणा.

सहाव्या दिवशी शीट आली. मी रात्री स्वयंपाक आवरून बसले आणि एकेक पत्ता उघडला. पहिलं पान कुठल्यातरी ब्राझीलच्या फर्निचरच्या चर्चेचं होतं. त्यात खाली आमच्या दुकानाचं नाव, स्पेलिंग चुकवून. दुसरं रशियन. मग दहा-पंधरा पानं नुसती "प्रोफाइल" होती, जिथे कोणीही नाव नोंदवून आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकू शकतो. त्यातल्या एका पानावर आमची पितळी समई दोन रमीच्या जाहिरातींमध्ये उभी होती. ते पान मी अण्णांना दाखवलं नाही.

"डीए" म्हणजे काय हेही तेव्हाच कळलं. डोमेन ऑथॉरिटी हा मॉझ नावाच्या कंपनीचा अंदाजी आकडा आहे, एक ते शंभर. तो गूगलचा नाही आणि गूगल तो वापरत नाही. एखादी वेबसाइट दुसरीपेक्षा साधारण कुठे आहे हे बघायला ठीक, पण तो फुगवताही येतो. आमच्या धंद्यात लोखंडावर पितळेचा मुलामा देऊन विकणारे असतात. वजन हातात घेतलं की कळतं, चुंबक लावला की खात्रीच पटते. इथे चुंबक कुठला लावायचा हेच मला माहीत नव्हतं.

दोन महिने काहीच झालं नाही. वर गेलो नाही, खाली गेलो नाही. आपली वेबसाइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोल या साधनात, जे फुकट आहे आणि भाच्याने जोडूनही ठेवलं होतं, बाहेरच्या लिंकांची यादी दिसते. ती पूर्ण नसते, नमुन्यादाखल असते. पाचशेपैकी तिथे दिसल्या त्या तेवीस. बाकीच्या गूगलने बघितल्या तरी की नाही, कुणास ठाऊक.

नंतर आली भीती. एका दुसऱ्या माणसाचा फोन आला: "मॅडम, तुमच्या साइटवर टॉक्सिक लिंका आहेत. गूगल पेनल्टी मारेल. क्लीनअप आठ हजारात करून देतो." मी जवळजवळ दिलेच होते. घाबरलेल्या माणसाच्या खिशातून पैसे काढायला वेळ लागत नाही. त्या रात्री नवरा म्हणाला, "पहिल्याने घाण टाकली म्हणून पैसे घेतले, हा घाण काढायचे घेणार. दोघं एकाच वाड्यातले नसतील कशावरून?" म्हणून थांबले आणि आणखी वाचलं.

गूगलने २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन नावाचा बदल आणला तेव्हा विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या वेबसाइट खरोखरच कोसळल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नको असलेल्या लिंका नाकारण्याचं साधनही गूगलने दिलं. पण २०१६ मध्ये पेंग्विन मुख्य यंत्रणेतच मिसळला, आणि तेव्हापासून अशा लिंकांमुळे अख्खी वेबसाइट खाली ढकलण्याऐवजी त्या लिंका मोजायच्याच नाहीत असा त्यांचा कल आहे. नाकारायचं साधन बहुतेकांना लागत नाही, उलट चुकीचं वापरलं तर नुकसान होतं, हे गूगल स्वतःच सांगतं. सर्च कन्सोलमध्ये "मॅन्युअल अ‍ॅक्शन्स" नावाचं पान असतं. गूगलच्या माणसांनी हाताने कारवाई केली असेल तर ती तिथे लिहिलेली असते. आमच्या पानावर हिरवी खूण होती. आठ हजार वाचले. पाचशे लिंका जिथे होत्या तिथेच कुजत पडल्या, अजून तिथेच आहेत.

तरी प्रश्न उरलाच. लिंका लागतात हे खरं, विकतच्या चालत नाहीत हेही खरं, आणि मला दुकान सांभाळून हे सगळं जमणार नाही हे तर सगळ्यात खरं. माणूस हवा होता. स्वस्त, आणि ज्याच्या हातात किल्ली देता येईल असा.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून कॉलेज रोडवरच्या एका एजन्सीत गेले. काचेची केबिन, कोल्ड कॉफी, भिंतीवर इंग्रजी सुविचार. महिना पंधरा हजार अधिक जीएसटी, सहा महिने सोडता येणार नाही, वीस हजार आगाऊ. त्याबदल्यात "पहिल्या पानाची लेखी हमी". यावेळी मी रोकडवहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून नेले होते. हमी कुठल्या शब्दांवर, असं विचारलं. समोरच्या साहेबांनी यादी पुढे केली. दहा शब्द होते, त्यातले सहा आमच्या दुकानाच्या नावाचेच वेगवेगळे प्रकार. आमचं पूर्ण नाव टाकल्यावर आम्ही पहिले येणार नाही तर कोण येणार? उरलेले चार इतके लांबलचक होते की तसं कोणी शोधत असेल असं वाटेना.

लिंका कुठून आणता, असं विचारलं. "ते आमचं नेटवर्क आहे मॅडम, कॉन्फिडेन्शियल असतं." नमुन्याला तरी दहा द्या म्हटलं. बरीच टाळाटाळ करून संध्याकाळी दहा पत्ते पाठवले. मी आता शहाणी झाले होते. प्रत्येक वेबसाइटवर शेवटचे वीस लेख काय आहेत ते बघितलं. कुत्र्यांचं खाणं, गृहकर्ज, क्रिकेट बेटिंग, गुडघेदुखी, क्रिप्टो, सगळं एकाच घरात. लेखक सगळीकडे "अ‍ॅडमिन". दहापैकी सात ठिकाणी पानाची मांडणी तीच, रंग वेगळे. एकाचा पत्ता एका शाळेच्या नावाचा होता. शाळेने तो सोडून दिलेला असणार, कुणीतरी विकत घेऊन आत टाइल्सच्या जाहिराती भरल्या होत्या. अशा जुन्या पत्त्यांचा गैरवापर गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन घातलाय. एकाच माणसाने दहा-वीस-पन्नास वेबसाइट पाळायच्या आणि त्यांच्यावरून गिऱ्हाइकांना लिंका द्यायच्या, याला पीबीएन म्हणतात. अण्णांच्या भाषेत: एकच माणूस दहा टोप्या बदलून दहा जणांच्या वतीने जामीन राहतो.

मी नको म्हटलं. पुढचे दोन आठवडे रोज फोन. एकदा म्हणाले, "मॅडम, लिंका राहू द्या, पन्नास फाइव्ह स्टार रिव्ह्यू देतो, स्वस्तात." आमच्या दुकानाला तेव्हा अकरा रिव्ह्यू होते, त्यात एक दोन ताऱ्यांचा. पाण्याची टाकी समजून बंब घेतलेल्या एका गृहस्थांचा. तो रिव्ह्यू मला आवडतो. राहू दिला.

शेवटी मी जे करायला हवं होतं ते केलं, म्हणजे बाजारात विचारलं. आपल्या धंद्याच्या आड न येणारे, पण वेबसाइटवर विकणारे असे तीन जण शोधले: येवल्याला पैठणी विकणारे एक काका, पिंपळगावकडच्या बेदाणा-मनुकावाल्या एक ताई, आणि गंगापूर धरणाकडे होमस्टे चालवणारं एक जोडपं. तिघांना फोन करून एकच विचारलं: तुमचं एसईओचं, म्हणजे गूगलवर वर आणण्याचं, काम कोण करतं, आणि त्या माणसाला तुम्ही परत काम द्याल का? दुसरा प्रश्न महत्त्वाचा निघाला. पैठणीवाले काका माझ्यासारखेच पोळलेले, त्यांनी तर गोल्ड पॅकेज घेतलं होतं. मनुकावाल्या ताई म्हणाल्या, काम चांगलंय पण माणूस चार-चार दिवस फोन उचलत नाही. होमस्टेवाल्यांनी नंबर दिला.

त्या नंबरवरची बाई इंदिरानगरची निघाली. पुण्याच्या एजन्सीत काही वर्षं काढलेली, मूल झाल्यावर घरून काम करणारी. आम्ही एका मिसळीच्या दुकानात भेटलो. तासभर तिने लिंकांचा विषयच काढला नाही. तुमच्याकडे मोड घेतात का, कल्हई कोण करतं, लग्नाच्या हंगामात कुठून माणसं येतात, मठारकाम अजून हाताने होतं का, हेच. मी शेवटी म्हटलं, अगं, लिंकांचं काय? ती म्हणाली, "ताई, तेच तर विचारतेय. तुम्हाला कोण कोण ओळखतं?"

अण्णांचाच प्रश्न, शब्दाला शब्द.

तिचा हिशेब साधा होता. तासाला सातशे, महिन्याला दहा तासांच्या वर नाही, म्हणजे सात हजार. आधी तीन महिने, मग वाटलं तर पुढे. बांधून घेणं नाही. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद दोघींना दिसेल अशा एका शीटमध्ये, आणि महिनाअखेर बिल. सर्च कन्सोलमध्ये तिने "ओनर" होण्याऐवजी "फुल युजर" इतकाच प्रवेश मागितला, गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीवर, "मॅनेजर". पासवर्ड एकही नाही. "उद्या आपलं पटलं नाही तर तुम्ही मला एका क्लिकमध्ये काढू शकता," ती म्हणाली. कॉलेज रोडवाल्यांच्या करारात वेबसाइटचे सगळे लॉगिन "सोयीसाठी" त्यांच्याकडे राहणार होते, हे मला तेव्हा आठवलं.

पहिल्या नंबरचं विचारलं तर सरळ म्हणाली, ते कोणीच देऊ शकत नाही, आणि देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा असं गूगलनेच लिहून ठेवलंय. फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, हेही गूगलचंच. तिने आधीच्या दोन गिऱ्हाइकांचे नंबर दिले. मी दोघांना फोन केला. एकाने कौतुक केलं, दुसऱ्याने म्हटलं, "कामाला चोख आहे, पण नाही म्हणते फार." मला तेच हवं होतं.

पहिल्या महिन्यात एकही लिंक आली नाही, आणि सात हजार गेले. खोटं कशाला बोलू, माझी चुळबुळ सुरू झाली होती. तिने तो महिना वेबसाइट धुण्यात घालवला. फोटो इतके जड होते की मोबाइलवर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून जायचा. वस्तूंची वर्णनं घाऊक व्यापाऱ्याच्या इंग्रजी यादीतून उचललेली, तीच आणखी वीस दुकानांच्या वेबसाइटवर. आम्ही लिहिलं होतं "ब्रास टोप", लोक शोधतात "पितळी पातेलं". दुकानाची फोन नंबर लिहिलेली जागा चार, नंबर तीन, त्यातला एक बंद पडलेला लँडलाइन. बिझनेस प्रोफाइलवर दुकानाचा प्रकार "गिफ्ट शॉप" होता, हा भाच्याचा पराक्रम. जवळपासच्या शोधात गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी मेळ, अंतर, आणि दुकानाची प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही. मेळ "गिफ्ट शॉप"मुळे गेलेला. प्रसिद्धीत लिंका येतात, पण मेळच नसेल तर त्या काय करणार? तिचं म्हणणं असं की गळक्या हंड्यात पाणी ओतायला माणूस कशाला लावता, आधी भोक बुजवून घ्या.

दुसऱ्या महिन्यात आम्ही यादी केली, आणि या सगळ्या प्रकारातला मला सर्वात आवडलेला भाग हाच. अण्णांना मध्ये बसवलं. तिने विचारायचं, अण्णांनी सांगायचं, मी लिहायचं. तांब्याचे जार नेणारी हॉटेलं. लग्नात घंगाळं आणि समया भाड्याने देणारे सजावटवाले. केटरर. आमच्या गल्लीची मोजमापं घेऊन गेलेली आर्किटेक्चरच्या कॉलेजची मुलं. व्यापाऱ्यांची संघटना, जिचे अण्णा सभासद आहेत हे अण्णाही विसरले होते. कार्यशाळा घेणाऱ्या एक बाई, ज्या पितळेच्या कढईतच चिवडा करायला शिकवतात. चौतीस नावं झाली. त्यातल्या एकोणीस जणांची वेबसाइट होती.

मग एकेकाची वेबसाइट उघडून बघायची: आपला उल्लेख आहे का, असायला जागा आहे का, त्यांच्या वाचणाऱ्याला आपला उपयोग आहे का. "लिंक द्या" असं कुणालाच म्हटलं नाही. होमस्टेवाल्यांच्या पानावर न्हाणीघरातल्या बंबाचा मोठा फोटो होता. मी त्यांना लिहिलं, हा बंब आमच्याकडचा, पाहुणे विचारत असतील तर खाली कुठून आणला ते लिहाल का? त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, वर म्हणाले, रोज कोणीतरी विचारतंच, आमचीच कटकट वाचली. संघटनेच्या सभासद यादीत आमचं नाव होतं, नंबर तो बंद लँडलाइन, वेबसाइटचा रकाना रिकामा. एक अर्ज, दोन फोन आणि एक खेप एवढ्यावर तो भरला. आर्किटेक्चरच्या मुलांच्या प्रकल्पाच्या पानावर गल्लीचं नाव चुकलं होतं. ते दुरुस्त करून दिलं, जुने दोन फोटो दिले, त्यांनी फोटोखाली आमचा पत्ता घातला. हॉटेलांपैकी एकाने दिलं, एकाने "बघतो" म्हटलं आणि अजून बघतोय.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. आमच्या या एसईओवाल्या बाईंनीही एकदा घोळ घातला. दिवाळीच्या तोंडावर घाईत खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्या चाळीस जणांना एकच मजकूर पाठवला. दोन उत्तरं आली. त्यातल्या एकीने लिहिलं होतं, "माझा ब्लॉग न वाचता मेल पाठवल्याबद्दल धन्यवाद." ते चार तास तिने बिलात लावले नाहीत. मी सांगितलं नव्हतं.

दुसरं उत्तर एका ब्लॉगवाल्याचं. तीन हजार द्या, तुमच्यावर लेख लिहितो. मला वाटलं, बरंय की, तीन हजारांत लेख. ती म्हणाली, जाहिरात म्हणून घ्यायची तर घ्या, पण लिंकेला "स्पॉन्सर्ड" अशी खूण लावायला सांगा. पैसे देऊन घेतलेल्या लिंकेसाठी गूगलने ही खूण २०१९ मध्ये काढली. त्याआधी २००५ पासून "नोफॉलो" होतीच. खूण असली की लिंक नियमात बसते, वाचणारा माणूस तिच्यावरून येऊ शकतो, पण रँकिंगसाठी ती धरतील याचा भरवसा नाही. मी त्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर: "मॅम, खूण लावायची तर तुम्ही पैसे कशाला देता?" इतकं प्रामाणिक वाक्य मला या सगळ्या धंद्यात दुसऱ्या कुणी ऐकवलं नव्हतं. दिले नाहीत.

तिसरा महिना कल्हईचा. तिने सर्च कन्सोलमध्ये बघितलं की आमच्या वेबसाइटवर येणारे थोडेफार लोक "कल्हई" हा शब्द शोधून येतात, आणि येऊन परत जातात, कारण आमच्याकडे त्यावर दोन ओळी होत्या. आमच्या दुकानामागच्या बोळात दर बुधवारी एक कल्हईवाले बसतात. बुधवारचा बाजार असतो गंगेवर, खेड्यापाड्यातून बायका येतात, येताना भांडी आणतात. आम्ही दोघी एक अख्खा बुधवार त्यांच्याजवळ बसलो. भांडं आधी राखेने, वाळूने घासतात. भट्टीवर तापवतात. तापलं की नवसागर टाकून कापसाने फिरवतात, त्याचा पांढरा धूर उठतो आणि तांब्याचा सगळा काळेपणा ओढून घेतो. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशाला वितळतं, त्यामुळे टेकवली की लोण्यासारखी पसरते; कापसाचा बोळा फिरवला की आत चांदी. लगेच पाण्यात. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं, पण नवसागराची वेळ चुकली तर कथील धरत नाही, गोळा होऊन फिरत राहतं.

हे मी लिहिलं, मराठीत आधी आणि मग इंग्रजीत. सोबत फोटो. कल्हई का लागते: चिंच, टोमॅटो, ताक, आमसूल हे आंबट पदार्थ तांब्या-पितळेशी भांडतात, भांडं कळकतं. कल्हई गेली हे कसं ओळखायचं. कल्हईचं भांडं रिकामं का तापवू नये. तारेच्या घासणीने का घासू नये. काशाला कल्हई का नसते. हे सगळे प्रश्न दुकानात रोज येतात, उत्तरं अण्णांना तोंडपाठ, फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती.

हे पान आम्ही त्या "ब्लॉग न वाचता मेल" असं सुनावणाऱ्या बाईंना, माफी मागून, पाठवलं. त्यांनी दीड महिन्याने स्वतःच्या लेखात त्याची लिंक दिली. चिवड्याच्या कार्यशाळावाल्या बाईंनी दिली. अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी बाईंच्या स्वयंपाकाच्या ब्लॉगवर आजीच्या सतेल्याबद्दल लेख होता, तिथे ती न मागता दिसली. आम्हाला सर्च कन्सोलवरून कळलं.

हिशेब सांगते. तीन महिन्यांचे एकवीस हजार, मग पुढचे दोन महिने पाच-पाच तास, त्याचे सात हजार. एकूण अठ्ठावीस हजार. कॉलेज रोडचे सहा महिने जीएसटीसकट एक लाख सहा हजार दोनशे झाले असते. आठ महिन्यांत आमच्या हाती लागल्या त्या अकरा लिंका. अकरा. पाचशे नव्हेत. "पितळी भांडी नाशिक"ला आम्ही पहिल्या पानावर आहोत, कधी चौथे, कधी सातवे, आणि गूगल नकाशासोबत जी तीन दुकानं दाखवतं त्यांत बहुतेक वेळा. ऑर्डरी महिन्याला पंधरा-अठरा. यातलं किती लिंकांचं, किती हलक्या फोटोंचं आणि किती "गिफ्ट शॉप" काढून टाकल्याचं, ते तिलाही सांगता येत नाही. तिने तसं स्पष्ट सांगितलं, म्हणून मी तिला पुढचं काम दिलं: २०२७ च्या सिंहस्थासाठी गंगाजलाचे गडू, पळी-पंचपात्र आणि त्र्यंबकेश्वरच्या पूजेची भांडी यांची पानं.

कल्हईवाले चाचा मात्र गेल्या बुधवारी दुकानात येऊन उभे राहिले. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, म्हणून पानावर नंबर आमचा आहे. "भाभी, वो तुम्हारा कागज काढून टाका," ते म्हणाले. पुण्याहून एक माणूस सोमवारी बावीस भांडी घेऊन आला आणि बंद बोळात दोन तास बसला. आमचे चाचा सोमवारी सिन्नरला असतात. मी कागद काढला नाही. पानावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत घातलं: फक्त बुधवारी, सकाळी नऊ ते चार, आणि दहाच्या वर भांडी असतील तर आधी फोन करा. चाचांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, चार नको, तीन लिही.